दीक्षाभूमीच्या वाटेवरचं ‘भोजनदान’ नेमकं काय आहे?

दसऱ्याच्या दिवसांत नागपुरात दीक्षाभूमीकडे निघालात तर जेवायला घालणारे मंडप रस्त्यात जागोजागी दिसतात. कुठे पुरीभाजी, कुठे मसालेभात. पैसे नाहीत आणि जात-धर्माची चौकशीही नाही. हेच भोजनदान.

याची सुरुवात कुठून?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी लाखो लोक नागपुरात येतात. अनेकजण दूरच्या गावांतून रेल्वेने किंवा बसने येतात. त्यांच्या जेवणाची काळजी विविध संस्था, कर्मचारी संघटना आणि वस्त्यांमधली मंडळं घेतात.

यात धार्मिक काय?

बौद्ध परंपरेत दहा पारमिता, म्हणजे अंगी बाणवायचे सद्गुण, सांगितल्या आहेत. त्यात पहिली आहे ‘दान’. भिक्खू स्वतः कमावत नाहीत, ते उपासकांनी दिलेल्या अन्नावर जगतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत.

बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. म्हणजे पितरांच्या नावाने अन्न ठेवणं थांबलं, पण समोरच्या भुकेल्याला वाढणं हे धम्माचं काम राहिलं.

एका ताटाचं एवढं महत्त्व का?

उत्तर महाडमध्ये सापडतं. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर, हे लोक आता वीरेश्वर मंदिरात शिरणार, अशी अफवा पसरली. जमावाने परिषदेच्या मंडपावर हल्ला केला. तेव्हा काहीजण जेवत होते. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळलं गेलं. कोणी कोणाच्या हातचं खायचं आणि कोणाच्या पंगतीला बसायचं, हे तेव्हा जात ठरवत होती.

इतर धर्मांत काय?

शिखांच्या लंगरमध्ये सगळे एकाच रांगेत बसून जेवतात. सूफी दर्ग्यांमध्येही लंगरची परंपरा आहे. विदर्भात घरोघरी महालक्ष्म्या बसतात, तेव्हा सोळा भाज्या, पुरण आणि आंबील यांचा नैवेद्य झाला की नातेवाईक-शेजाऱ्यांना प्रसादाला बोलावतात. पद्धती वेगवेगळ्या, पण अन्न वाटून खाणं सगळीकडे आहे.

मग दीक्षाभूमीचं वेगळेपण काय? ज्यांना एकेकाळी पंगतीबाहेर बसवलं जायचं, त्यांचीच नातवंडं-पतवंडं आज वाढपी आहेत. आणि त्यांच्या पंगतीत कोणीही बसू शकतं.