रजेच्या अर्जाची इंग्रजी

'टू' लावून येणारे क्रियापद आणि 'माय', 'युवर', 'मदर्स' अशी षष्ठीची रूपे हा रोजच्या इंग्रजीचा अर्धा संसार आहे. मराठी माणसाची या दोन्हींशी ओळख झाली ती मुख्यतः अर्जातून. एकोणिसाव्या शतकात सरकारी पत्र 'आय बेग टू स्टेट' असे सुरू होई आणि 'आय हॅव द ऑनर टू बी, सर, युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट' असे संपे. विनंती 'टू'ने करायची आणि आपण कोणाचे आहोत ते 'युवर'ने सांगायचे. कारकुनाला व्याकरण येवो न येवो, ही दोन वाक्ये पाठ असावीच लागत.

पनवेलसारख्या गावात ही इंग्रजी कशी पोहोचली हे पाहण्यासारखे आहे. मुंबईहून होडीने पनवेलच्या खाडीत उतरायचे आणि तिथून गाडीने किंवा पालखीने घाट चढून पुणे गाठायचे, ही जुनी वाट. 1830 मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलची वर्दळ वाढली. 1852 मध्ये तिथे नगरपालिका आली; 2016 मध्ये तिची महानगरपालिका होईपर्यंत महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होई. मात्र आगगाडी आली ती कल्याण-कर्जतवरून. 1863 मध्ये ती घाट चढली, तेव्हा पुण्याच्या प्रवाशांना पनवेलची गरज उरली नाही. तालुक्याच्या मामलेदार कचेरीचे काम तेव्हा आणि पुढेही बराच काळ मोडीतल्या मराठीत चाले. त्यामुळे इंग्रजी लागायची ती गाव सोडून मुंबई-पुण्याला नोकरी धरणाऱ्याला. रेल्वे, लष्कराचा पुरवठा, हिशेब, टपाल या खात्यांत शिरायचे तर सुवाच्य अक्षर आणि बिनचूक मायना एवढ्या भांडवलावर भागत असे.

असाच एक कारकून पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचा होता. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 चा. थोडे इंग्रजी शिकून त्यांनी आधी मुंबईत जी.आय.पी. रेल्वेत आणि नंतर पुण्याला लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी केली. आई शिरढोणला अत्यवस्थ असल्याचे कळल्यावर त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मंजूर झाली नाही आणि ते गावी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड केले. 1879 मध्ये ते पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. बंडाची कारणे अर्थातच एका रजेपेक्षा फार मोठी होती. 1876-77 च्या दुष्काळाचा त्यांत मोठा वाटा होता. तरी त्यांच्या चरित्रात हा नाकारलेला अर्ज हमखास येतो.

अशा अर्जाचा साचा ठरलेला असे. 'ओइंग टू माय मदर्स इलनेस आय बेग टू अप्लाय फॉर टेन डेज लीव्ह.' एवढ्या एका ओळीत मराठी माणसाला सोपे काय आणि अवघड काय, दोन्ही सापडते. 'माय मदर्स इलनेस' म्हणजे माझ्या आईचे आजारपण. एकात एक गुंतलेल्या दोन षष्ठी मराठीला नव्या नाहीत. 'टेन डेज लीव्ह' म्हणजे दहा दिवसांची रजा. इथेही मराठीत 'ची' आहेच. फक्त इंग्रजीत 'डेज'मधल्या 'एस'नंतर एक अपॉस्ट्रॉफी द्यावी लागते आणि ती कानाला ऐकू येत नाही. ती विसरण्याची परंपरा आजच्या ईमेलपर्यंत अखंड चालू आहे.

खरी अडचण 'टू'ची. 'बेग टू अप्लाय' मधल्या 'टू'पुढे क्रियापद येते, तर 'ओइंग टू' मधल्या 'टू'पुढे नाम. दिसायला दोन्ही सारखेच. 'लुकिंग फॉरवर्ड टू' नंतर 'हिअर' लिहावे की 'हिअरिंग', असा गोंधळ उडतो तो यामुळेच. शिवाय इंग्रजीत जिथे एकटे 'टू गो' आहे तिथे मराठीत जायला, जाण्यास, जाण्यासाठी, जायचे, जावे असे अख्खे कुटुंब आहे. मला जायचे आहे, मला जावे लागते आणि मला जायला हवे या तिन्हींत इच्छा, सक्ती आणि कर्तव्य वेगवेगळे बोलते. 'हॅव टू', 'वाँट टू', 'ऑट टू' यांतून नेमके उचलायचे ते विद्यार्थ्याला सरावानेच कळते.

'हॅव'चेही तसेच. मराठीत त्यासाठी स्वतंत्र क्रियापदच नाही. मला एक बहीण आहे, माझ्याकडे छत्री आहे, गावाला तळे आहे अशी निरनिराळी वळणे घेऊन मराठी काम भागवते. इंग्रजीत मात्र बहीण, छत्री, तळे सगळे 'हॅव'च्याच झोळीत. उलट एका ठिकाणी मराठी अधिक नेमकी ठरते. 'रामाने आपली वही घेतली' म्हटले की वही रामाची, यात शंका नाही. इंग्रजी 'हिज नोटबुक' रामाचीही असू शकते आणि गोविंदाचीही.

हे फरक बसवून देणारी पुस्तकेही एकोणिसाव्या शतकातच तयार झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आणि कँडीच्या नावाने ओळखला जाणारा इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये निघाला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 चे. आधी इंग्रजी व्याकरण शिकायचे आणि मग त्याच्या आधाराने आपल्या भाषेचे लिहायचे, हा त्या पिढीचा उलटा प्रवास होता. सामान्य घरांत मात्र पोहोचली ती तर्खडकरांच्या नावाने चालत आलेली भाषांतर पाठमाला. तिची रीत साधी होती: थोडे शब्द, थोडे नियम, मग इंग्रजी वाक्ये मराठीत आणायची आणि मराठी वाक्ये इंग्रजीत न्यायची. गोष्ट नाही, चित्र नाही. कंटाळवाणी म्हणून तिची थट्टाही झाली. पण 'त्याच्या भावाचे घर' आणि 'तिच्या बहिणीचा घोडा' शंभरदा उलटसुलट केल्यावर 'हिज' आणि 'हर' यांची चूक सहसा होत नसे.

अर्जातली लीनता मराठी कारकुनाला परकी वाटली नसावी. पेशवाईतल्या पत्रांत 'स्वामींचे सेवेसी' असा मायना असे आणि 'बहुत काय लिहिणे' असा शेवट. इथे 'चे' आहे आणि 'लिहिणे'ही आहे. धनी बदलला, पण षष्ठी आणि धातुसाधित आपापल्या जागी राहिले. इंग्रजी मायन्यानेही मराठीला काही दिले. 'आपला विश्वासू', 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या शेवटांवर 'युवर्स फेथफुली'ची आणि त्या जुन्या 'ओबीडियंट'ची छाप स्पष्ट आहे.

1964 च्या राजभाषा अधिनियमाने राज्याचा कारभार मराठीत आणायचे ठरवले आणि अर्ज पुन्हा मराठीत आला. त्याच्या माथ्यावरची ओळ ठरलेली: 'विषय: रजा मिळणेबाबत.' बोलण्यात कोणी 'मिळणेबाबत' म्हणत नाही, 'मिळण्याबाबत' म्हणतात. मोडी कागदांतल्या 'करणेकामी', 'देणेत यावे' या जुन्या वळणाचाच तो अवशेष आहे. 1970 मध्ये सिडको हे शहरविकास महामंडळ स्थापन झाले, पनवेल-उरणच्या जमिनी नवी मुंबईसाठी घेतल्या गेल्या, आणि जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या 1984 च्या आंदोलनानंतर त्यांचा साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मान्य झाला. त्यानंतर 'भूखंड मिळणेबाबत' ही ओळ इथल्या घराघरांत रजेच्या अर्जाइतकीच ओळखीची झाली.

इंग्रजी 2000 सालापासून राज्यात पहिलीपासूनच शिकवली जाऊ लागली. पनवेलची मुले आता 'टू'ची वाक्ये पाठमालेऐवजी गाण्यांतून आणि मोबाइलवरून उचलतात. 'आय बेग टू' जवळजवळ संपले आहे, 'युवर सर्व्हंट' तर पुरतेच. सुटीच्या ईमेलमध्ये 'आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह फॉर माय सिस्टर्स मॅरेज' हे वाक्य मात्र अजून जागेवर आहे.