अवकाशवीराचे वार्धक्य

१९४१ साली विल्सन टकर या लेखकाने ‘स्पेस ऑपेरा’ ही संज्ञा हेटाळणीच्या सुरात रूढ केली, तेव्हा या कथाप्रकाराचा नायक बहुधा वयातीत होता. स्वस्त मासिकांतील त्या आंतरतारकीय कथांत एक युद्ध संपे ते दुसऱ्याला वाट देण्यासाठीच.

या नायकाला काळाचा स्पर्श झाला तो प्रत्यक्ष युद्धानुभवातून. व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या जो हॉल्डमन यांच्या ‘द फॉरेव्हर वॉर’ (१९७४) मधील मंडेला शरीराने तरुणच परततो; पृथ्वीवर मात्र दशके लोटलेली असतात. परक्या झालेल्या त्या समाजात जागा न उरल्यामुळे तो पुन्हा सैन्यात जातो. इअन बँक्स यांच्या ‘यूज ऑफ वेपन्स’ (१९९०) मध्ये झाकाल्वेच्या पुनरागमनामागे पूर्वकर्माचा अपराधभाव आहे.

‘द लास्ट जेडाय’ (२०१७) या चित्रपटातील ल्यूक स्कायवॉकर ही या प्रवासाची परिणती होय. १९७७ मधला हा तरुण वीर आता शिष्याच्या अधःपतनाने खचून दूरच्या बेटावर एकान्तात राहतो. अखेर तो रणांगणावर अवतरतो, पण केवळ प्रतिमारूपाने. कोणाचाही वध न करता तो सहकाऱ्यांना निसटण्यास अवधी मिळवून देतो आणि त्या श्रमाने स्वतः संपतो.

अनिच्छा हा येथे निव्वळ स्वभावविशेष नसून कथाप्रकाराने स्वतःच्याच वीरकल्पनेची केलेली चिकित्सा ठरते. तथापि चित्रपटाच्या शेवटी मुले खेळण्यांच्या साहाय्याने ल्यूकचीच शौर्यकथा रंगवतात. युद्ध नाकारणाऱ्याचीही वीरगाथाच होते, हा पेच या कथाप्रकाराला अद्याप सुटलेला नाही.