सीडी ६३ ०३

मंडळी, शीर्षक पाहून दचकू नका. ८०८५ च्या किटवर ज्यांनी बोटं झिजवलीत, त्यांना ओळख पटली असेल. सीडी म्हणजे 'कॉल', पुढे उलटा लिहिलेला पत्ता ०३६३. इंटेलच्या एसडीके-८५ किटच्या मॉनिटर रॉममध्ये या पत्त्यावर एक सबरूटीन होतं. डीई जोडीत आकडा ठेवायचा, कॉल करायचा, आकडा डिस्प्लेवर हजर!

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चं. त्या पिढीतली महाराष्ट्रातली पोरं असेंब्ली शिकली ती असल्याच किटांवर. असेंब्लर वगैरे लाड नाहीत. ऑपकोडचा तक्ता समोर, हिशेब वहीत, मग हेक्स कीपॅडवर एकेक बाइट टाकायचा. मध्येच लाईट गेली की रॅम साफ.

त्यात एक गोम होती. हे सबरूटीन सगळी रजिस्टरं बिघडवून परत यायचं. म्हणून आधी पुश, नंतर पॉप. एक पॉप राहिला की 'रेट'ला स्टॅकवर परतीच्या पत्त्याऐवजी तुमचाच डेटा सापडणार, आणि प्रोग्राम गेला भटकायला. शिवाय दुसऱ्या कंपनीच्या किटवर पत्ते वेगळे, त्यामुळे सीनियरचं जर्नल तिथे कुचकामी :)

आता गंमत बघा. अमेरिकेतली शाळकरी पोरं १९९४ पासून हेच करत होती, पण ग्राफिंग कॅलक्युलेटरवर! टीआय-८५ मध्ये झेड८० होता, म्हणजे ८०८५ चा चुलतभाऊ. फेडेरिको फॅजिन इंटेलच्या ८०८० वर काम करून बाहेर पडले आणि १९७६ साली झिलॉगचा झेड८० आला, म्हणून सीडी आणि सी९ दोन्हीकडे तेच. कंपनीने असेंब्लीची सोय दिलीच नव्हती. पोरांनी मेमरीच्या बॅकअप फाइलमध्ये फेरफार करून 'झीशेल' घुसवलं.

रॉमच्या आवृत्तीगणिक पत्ते बदलण्याचं दुखणं त्यांनाही होतंच. १९९९ च्या टीआय-८३ प्लसने त्यावर चांगला तोडगा काढला: थेट पत्ता नाही, तक्त्यातला क्रमांक. 'ईएफ ४० ४५ सी९' एवढं कॅलक्युलेटरवरच टाइप करा, स्क्रीन पुसली जाते. आपल्या ८०८५ वर हाच ईएफ म्हणजे 'आरएसटी ५'. दोघेही ००२८ वर उडी मारतात. स्टॅक चुकला तर मात्र तिकडे 'रॅम क्लिअर्ड'. किटवर निदान रिसेट दाबून प्रोग्राम शिल्लक राहायचा.

२००९ साली हौशी लोकांनी टीआय-८३ प्लसची ५१२ बिटची सही करायची किल्ली फोडली, तेव्हा कंपनीने वकिली नोटिसा धाडल्या. २०२० मध्ये टीआय-८४ प्लस सीईच्या नव्या सिस्टिममधून असेंब्लीच काढून टाकली, कारण परीक्षेतल्या कॉपीची भीती. पोरांनी त्याच वर्षी पळवाट शोधली म्हणा.