दाहाचे निरोपे: एक्सोसोममधील मायक्रोआरएनएची कुळकथा

एक्सोसोम म्हणजे पेशीबाहेर पडणारी, सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाची, पातळ पटलाची पुटिका. तिचा माग तांबड्या रक्तपेशींतून लागला. या पेशी पक्व होताना त्यांच्या पृष्ठभागावरची, लोह आत घेणारी ग्राही प्रथिने नाहीशी होतात. ती जातात कुठे, याचे उत्तर १९८३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दिले: माँट्रियलमध्ये रोझ जॉन्स्टोन यांनी मेंढीच्या आणि सेंट लुइसमध्ये फिलिप स्टाल यांनी उंदराच्या रक्तपेशींवरून. ही प्रथिने पेशीतल्या एका पिशवीत बारीक पुटिकांवर गोळा होतात. पिशवी बाह्य पटलाला मिळते आणि पुटिका बाहेर पडतात. १९८७ मध्ये जॉन्स्टोन यांच्या गटाने त्यांना एक्सोसोम म्हटले. पुष्कळ काळ हा पेशीचा केरकचराच समजला गेला. १९९६ मध्ये ग्रासा रापोसो व सहकाऱ्यांनी बी पेशींचे एक्सोसोम टी पेशींना चेतवतात हे दाखवले, तेव्हा प्रतिकारशास्त्राचे लक्ष तिकडे वळले.

मायक्रोआरएनएचे कूळ वेगळे. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस यांच्या गटाला एका सूक्ष्म गोलकृमीत लिन-४ हा जेमतेम २२ घटकांचा आरएनए सापडला. तो संदेशवाहक आरएनएला चिकटून त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती रोखतो, हे त्यांच्या आणि गॅरी रव्हकुन यांच्या गटांच्या कामातून दिसले. या शोधाला २०२४ चे नोबेल मिळाले.

दोन्ही धागे २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग येथे जुळले. हादी वलादी, यान लॉटवाल आणि सहकाऱ्यांना मास्ट पेशींच्या, म्हणजे ॲलर्जीचा भडका उडवणाऱ्या पेशींच्या, एक्सोसोममध्ये संदेशवाहक आरएनए आणि मायक्रोआरएनए दोन्ही आढळले. उंदराच्या पेशींचे एक्सोसोम मानवी मास्ट पेशींना दिल्यावर त्यांत उंदराची प्रथिने तयार झाली. वाहून आलेला आरएनए नव्या पेशीत काम करतो, याचा हा पुरावा होता.

दाहाशी थेट संबंध २०१५ मध्ये युटा विद्यापीठातील रायन ओ'कॉनेल यांच्या गटाने दाखवला. जीवाणूंचे अंतर्विष टोचलेल्या उंदरांत एमआयआर-१५५ हा मायक्रोआरएनए नेणाऱ्या एक्सोसोमांनी दाह वाढला, एमआयआर-१४६ए नेणाऱ्यांनी तो उतरला. पहिला शिप-१ सारख्या दाह आवरणाऱ्या प्रथिनांना दाबतो. दुसरा दाहाचा संकेत पुढे नेणाऱ्या ट्राफ-६ आणि आयरॅक-१ यांना.

औषध म्हणून वापर करण्यात मात्रेची अडचण आहे. २०१४ च्या एका मोजणीत, मुबलक आढळणाऱ्या मायक्रोआरएनएचीही दर एक्सोसोममागे सरासरी एकपेक्षा कमी प्रत निघाली. त्यामुळे संधिवात आणि आतड्यांच्या दाहात रक्तातील एक्सोसोमांवरून निदान करण्याचे प्रयत्न सुरू असले, तरी पेशीत परिणाम घडायला किती पुटिका लागतात, हा प्रश्न उपचारांच्या संशोधनात कळीचा आहे.