आणलेल्या पाण्याचा हिशेब

सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सामरवरणी मागे टाकून राखोलीच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला मध्येच जे मसाट लागते, ते गाव म्हणून त्याच्या ध्यानात येण्यापूर्वी कारखान्यांच्या कुंपणांची रांग म्हणूनच येते. 1978 साली प्रशासनाने येथे औद्योगिक वसाहत वसविली, चार वर्षांनी खडोलीची वसविली. आणि दादरा-नगर हवेलीच्या ज्या मुलुखात 1965 पूर्वी कारखाना म्हणावा असे जवळजवळ काहीच नव्हते, तेथे एका पिढीच्या आत शेतांचे भूखंड झाले, भूखंडांना क्रमांक मिळाले आणि प्रत्येक क्रमांकामागे पाण्याची एक नळी आत व एक मोरी बाहेर असा दुहेरी व्यवहार सुरू झाला. आत येणाऱ्या नळीची विद्या आपल्याकडे केव्हा व कोणाच्या गरजेने शिकवली जाऊ लागली, आणि बाहेर जाणाऱ्या मोरीची विद्या तिच्यामागून किती रेंगाळत आली, ही हकीकत सांगण्यास मसाटच्या रस्त्याइतकी योग्य जागा मला तरी दुसरी सुचत नाही.

दमणगंगेकाठच्या या प्रदेशाची दफ्तरात पडलेली नोंद पाण्याची नाही, महसुलाची आहे. मराठी आरमाराने 1772 साली पकडलेल्या एका पोर्तुगीज जहाजाच्या भरपाईपोटी, 1779 च्या तहान्वये, पेशव्यांनी 12,000 रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना लावून देण्याचे कबूल केले, आणि 1783 व 1785 च्या सनदांनी ती दिली. ती सरंजाम म्हणून दिली की राज्याधिकारासह दिली, हा प्रश्न पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला, आणि 1960 च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांनी दिला तो केवळ महसुलाचा हक्क, असाच त्या कागदांचा अर्थ लावला. तोवर मुलुख मुक्त होऊन जवळजवळ सहा वर्षे झाली होती. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा हाती आले, काही वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि 1961 मध्ये प्रदेश भारतात सामील झाला. सनदांना नदीशी कर्तव्य नव्हते. नदीचे मोजमाप करणारा माणूस वेगळ्याच ठिकाणी, पुण्यात, घडत होता.

1854 हे साल या विद्येच्या इतिहासात विलक्षण दाटीचे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये उत्तरेत गंगेचा महाकालवा वाहू लागला, ज्याच्यासाठी माणसे हवीत म्हणूनच रुरकीचे विद्यालय 1847 मध्ये निघाले होते. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल डलहौसीने सार्वजनिक बांधकामाचे काम लष्करी मंडळाकडून काढून स्वतंत्र खात्याकडे दिले. जुलैत चार्ल्स वुडचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून निघाला. आणि त्याच जुलैत पुण्यात ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या लांबलचक नावाचा एक लहानसा वर्ग उघडला. त्या वर्गाचा हेतू निर्भीडपणे सांगितलेला होता: इमारती, धरणे, कालवे, लोहमार्ग आणि पूल यांच्या कामावर सरकारला दुय्यम दर्जाचे अंमलदार हवे होते, ते तयार करावयाचे. ज्ञानासाठी ज्ञान वगैरे उदात्त भाषा त्या आरंभात शोधू नये. सरकारला ओव्हरसियर पाहिजे होता. मक्तेदाराने दगड किती बसविला आणि बिलात किती दाखविला, यातला फरक ओळखणारा, मोजमापाची वही चोख ठेवणारा, साहेबाचे इंग्रजी समजणारा आणि मुकादमाशी मराठीत बोलणारा माणूस पाहिजे होता.

म्हणून त्याला जे शिकवले गेले त्याचा गाभा मोजणी हाच राहिला. साखळी, थिओडोलाइट, डंपी लेव्हल, प्लेन टेबल. तलांक काढणे, उताराचा हिशेब, भरावाचा व खुदाईचा हिशेब, चुना-सुरखीचे प्रमाण, कमानीचे आरेखन, आणि या सर्वांच्या शेवटी अंदाजपत्रक. आजही पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, संगणकावर काहीही करीत असला तरी, एकदा उन्हात तिकाटणे रोवून आणि डोळा दुर्बिणीला लावून ‘बॅकसाइट’ आणि ‘फोरसाइट’ यांचे रकाने भरतोच, आणि बेरीज जुळेना तेव्हा आरंभबिंदूकडे परत चालत जातो. या विद्येला मराठीत आपण ‘स्थापत्य’ हा शब्द योजला तो सुंदर आहे, पण त्याने थोडी दिशाभूलही केली आहे असे माझे मत आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या स्मीटनादी मंडळींनी स्वतःस ‘सिव्हिल’ म्हणवून घेतले ते लष्करी अभियंत्यांपासून वेगळेपण दाखविण्यासाठी. त्या शब्दात नागरिक होता, म्हणून त्याचे पाणी आणि त्याचा मैलाही होता. ‘स्थापत्य’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मंदिर किंवा पूल उभा राहतो. गटार राहत नाही.

1865 च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मुळा-मुठेच्या संगमाजवळ नव्या इमारतीची पायाभरणी झाली, पुढल्या वर्षी संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाली, आणि ओव्हरसियरांच्या वर्गाचे महाविद्यालय बनले. याच सुमारास तेथे प्राचार्य म्हणून आलेले थिओडोर कुक हे मला या सर्व कथेतील सर्वांत कुतूहलजनक व्यक्तिमत्त्व वाटते. हे आयरिश गृहस्थ मूळचे रेल्वेचे अभियंते. मुंबई-बडोदे रेल्वेसाठी वसईच्या खाडीवरील लोखंडी पुलाचे काम त्यांनी केले होते. वापीला उतरून मसाटला येणारा मुंबईचा प्रवासी आजही ती खाडी ओलांडूनच येतो. पण त्याच कुकसाहेबांचे नाव आज अभियंत्यांपेक्षा वनस्पतिशास्त्रज्ञ अधिक आदराने घेतात, कारण मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो प्रचंड कोश 1901 पासून 1908 पर्यंत भागाभागाने प्रसिद्ध झाला, तो त्यांनी रचला. 1880 मध्ये त्यांच्या संस्थेत शेतीचे व वनविद्येचे वर्ग निघाले आणि तिचे नावच ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले. एका छपराखाली धरण बांधणारा, रान सांभाळणारा आणि शेत कसणारा, असे तिघे विद्यार्थी बसत होते! पुढे त्या विद्या आपापल्या वाटेने गेल्या, 1911 मध्ये कॉलेज पुन्हा निव्वळ अभियांत्रिकीचे झाले. आणि शंभर वर्षांनी पर्यावरण नावाने त्यांना पुन्हा एकत्र बसविण्याची खटपट आपणांस करावी लागत आहे. कुकांच्या काळी हा संयोग सरकारी काटकसरीतून झाला असेल, पण झाला होता खरा.

याच ‘कॉलेज ऑफ सायन्स’मधून 1883 साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या एल.सी.ई. या स्थापत्याच्या परीक्षेत पहिले आले. त्यांना मिळालेले पारितोषिक जेम्स बर्कली यांच्या नावाचे होते, म्हणजे बोरघाटातून रेल्वे चढविणाऱ्या अभियंत्याच्या नावाचे. 1884 मध्ये ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशकास रुजू झाले. त्याच नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर दमणगंगा उगम पावते. विश्वेश्वरय्यांची कीर्ती खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी झाली, कृष्णराजसागराने ती देशभर पसरली. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी ते मुंबई सरकारचे आरोग्य अभियंता होते, गावोगावच्या पाणीपुरवठ्याच्या आणि सांडपाण्याच्या योजना तपासत होते, आणि 1906 मध्ये एडनला त्याच कामासाठी गेले होते, हा भाग शालेय चरित्रांत एका ओळीत उरकतो. धरणाचे चित्र काढता येते. मोरीचे चित्र कोण छापणार?

मुंबई शहरानेच हा धडा फार खर्चाने घेतला. विहार तलावाचे पाणी 1860 मध्ये नळांनी शहरात आले, तेव्हा वापरून झाल्यावर ते जाणार कोठे याची तजवीज अगदीच अपुरी होती. तुळशीचे पाणी 1879 मध्ये आले, तानशाचे 1892 मध्ये. आणि 1896 मध्ये प्लेग आला. प्लेगाचे कारण पाणी नव्हे, उंदीर आणि पिसवा, हे खरे. पण कोंदट चाळी आणि तुंबलेल्या मोऱ्या यांकडे सरकारचे लक्ष बळेच वेधले गेले ते त्यामुळे, आणि 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आधी आणावे, मग निचऱ्याचा विचार करावा, हा क्रम तेव्हा पडला तो अभ्यासक्रमातही इतका मुरला, की कित्येक ठिकाणी आजही या विषयाचे दोन पेपर असतात आणि त्यांतला पहिला पाणीपुरवठ्याचा व दुसरा सांडपाण्याचा असतो.

या दुसऱ्या पेपरातील एका आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. सांडपाणी किती दूषित आहे हे ठरविण्यासाठी, त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजविताना सूक्ष्मजंतू किती प्राणवायू खातात हे मोजतात. विद्यार्थी त्याला ‘बीओडी’ म्हणतात. नमुना बाटलीत बंद करून पाच दिवस ठेवावा, ही रीत विलायतेच्या शाही आयोगाने घालून दिली. हा आयोग 1898 मध्ये नेमला गेला आणि 1912 च्या आपल्या आठव्या अहवालात त्याने नदीत सोडावयाच्या पाण्यासाठी दर लिटरमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली. पाचच दिवस का, तर ब्रिटनमधील नदीचे पाणी उगमापासून समुद्रास मिळण्यास याहून अधिक काळ घेत नाही म्हणून, असे सांगितले जाते. म्हणजे त्या बेटाचा भूगोल आमच्या प्रयोगशाळेतील बाटलीत येऊन बसला, आणि कित्येक दशके येथल्या विद्यार्थ्याने गोदावरीचे पाणीही टेम्सच्या घड्याळाने मोजले. पुढे आपल्या हवामानास साजेशी, 27 अंशांवर तीन दिवसांची चाचणी भारतीय मानकांनी स्वीकारली. उष्ण पाण्यात जंतू लवकर जेवतात, इतकेच त्यामागचे मर्म. सिल्वासाच्या अंगाने वाहणाऱ्या दमणगंगेला दमणच्या समुद्रापर्यंत जाण्यास तेवढीही सवड नसते.

स्वातंत्र्यानंतर हा विषय स्वतःच्या पायांवर उभा राहिला तो एका महासाथीच्या छायेत. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले, नजफगडच्या नाल्याचे घाण पाणी वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आले, आणि हजारो लोकांना कावीळ झाली. पाणी आणणारे तोंड आणि घाण सोडणारे तोंड यांत अंतर किती असावे, हा प्रश्न तेव्हा राजधानीस पडला. 1958 मध्ये नागपूरला केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. 1974 मध्ये तिच्या नावात ‘पर्यावरण’ हा शब्द आला आणि ती नीरी म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा 1969 मध्येच केला होता, केंद्राचा कायदा 1974 चा. मसाटची वसाहत त्यानंतर चार वर्षांनी झाली, हे ध्यानात ठेवावे. तिला कायदा नव्हता असे म्हणण्याची सोय नाही.

वर मधुबन येथे दमणगंगेवर धरण झाले, गुजरात आणि शेजारच्या केंद्रशासित प्रदेशांचा तो संयुक्त प्रकल्प. त्याच्या पाण्याखाली दादरा-नगर हवेलीतील आदिवासींच्या जमिनी गेल्या. आणणारी विद्या तेथे पूर्ण ताकदीने कामास लागली. निचऱ्याच्या बाजूस मात्र एक कारकुनी गुंता आहे. 2011 च्या जनगणनेने मसाटची गणना शहरांत केली: लोकवस्ती 5,000 हून अधिक, दर चौरस किलोमीटरला निदान 400 माणसे, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामावर, या तिन्ही कसोट्यांना ते उतरले. सामरवरणी, राखोली, दादरा आणि नरोली यांचेही तसेच झाले. परंतु जनगणनेचे शहर म्हणजे नगरपालिकेचे शहर नव्हे. त्या खानेसुमारीत माणसे शहरी ठरली तरी कारभार पंचायतीचाच राहिला. नगरपालिकेला असतो तसा ड्रेनेजचा इंजिनिअर पंचायतीच्या दफ्तरी नसतो.

पदवीच्या विद्यार्थ्यांचे सर्व्हे कॅम्प दरवर्षी निघतात, आणि बहुधा थंड हवेच्या डोंगरावर निघतात, हा शिरस्ता जुना व आनंददायक आहे. पुण्या-मुंबईच्या ज्या अध्यापकांच्या हाती ही निवड असते, त्यांना माझी इतकीच विनंती आहे, की एखाद्या वर्षी मुलांना वसईची खाडी ओलांडून इकडे आणावे; मसाटच्या एका भूखंडाच्या फाटकापाशी आरंभबिंदू धरावा, तेथून मोरीच्या काठाने नाल्यापर्यंत आणि नाल्याच्या काठाने दमणगंगेपर्यंत लेव्हल न्यावी, जागोजाग बाटल्या भराव्यात, आणि तीन दिवस मुक्काम करून त्यांचे आकडे फील्ड बुकात तलांकांच्या शेजारच्या रकान्यात लिहवून घ्यावेत.