टिपणवही, बाळकृष्ण आणि दालीचा ॲशट्रे

मंडळी, जाहिरातीचा इतिहास म्हटलं की आपण जुनी वर्तमानपत्रं चाळतो, भिंतीवरचे फलक आठवतो. कंपन्यांनी फुकट वाटलेल्या वस्तू मात्र वापरून संपतात, म्हणून त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही. आज आपण त्याच पाहणार आहोत. आपला प्रश्न साधा आहे: ही भेट कोणाच्या हातात पडणार, याचा देणाऱ्याने किती विचार केला होता?

आधी थोडक्यात कॅलेंडर. १८९४ मध्ये राजा रवि वर्मांचा शिळाछापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांच्या भिंतींवर आल्या. विलायती साबणवाल्यांनी आणि बाळांच्या औषधवाल्यांनी हे चटकन हेरलं. देवाचं चित्र कोणी रद्दीत घालत नाही! वर्ष सरलं तरी चित्र राहतं, आणि त्याखालचं कंपनीचं नावही. औषध बाळाचं, चित्र बाळकृष्णाचं. गिऱ्हाईक कोण, तर आई. नेम अचूक होता.

आता एअर इंडिया. १९४६ साली टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. त्याच वर्षी कंपनीचे बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेचे चित्रकार उमेश राव यांनी मिशाळ, लवून स्वागत करणारा महाराजा घडवला. आपल्याला तो मोठमोठ्या फलकांवरचा आठवतो, पण मुळात तो काढला होता विमानातल्या टिपणवहीसाठी! विमानाचं तिकीट तेव्हा परवडायचं कोणाला? व्यापारी, अधिकारी, साहेबलोक. अशा माणसाला फुलदाणी देऊन काय उपयोग? वही तो खिशात घालून कचेरीपर्यंत नेणार.

८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला पहिलं विमान निघालं. गंमत बघा, इकडे सरदार पटेल संस्थानं विलीन करत होते आणि तिकडे नव्या देशाची विमानकंपनी जगापुढे महाराजा उभा करत होती. पुढे १९७१ ला तनखेही बंद झाले, हा महाराजा मात्र नोकरीवर कायम. आमच्या मते याचं कारण गिऱ्हाइकात आहे. युरोपातल्या माणसाच्या डोक्यात हिंदुस्थान म्हणजे राजे, हत्ती, गालिचे. कंपनीने ती समजूत खोडली नाही, तिची थोडी थट्टा करत तीच विकली. हे काहींना खटकायचं, आणि त्यांचं अगदीच चूक होतं असं आम्हाला वाटत नाही.

याच वाटेवरचा कळस १९६७ चा. कंपनीने साल्वादोर दालीकडून पोर्सेलिनचा ॲशट्रे करून घेतला. मध्ये शिंपला, त्याभोवती साप, आणि खाली असे आधार की एका बाजूने हंस दिसावा, उलटं धरलं की हत्तीचं डोकं. मोजक्याच प्रती निघाल्या, त्या फर्स्ट क्लासच्या निवडक प्रवाशांसाठी. विमानात सिगारेट ओढण्याचा तो काळ, म्हणजे वस्तू उपयोगाचीच. पण ज्याच्याकडे सगळं आहे त्याला विकत न मिळणारंच काहीतरी द्यावं लागतं, हे कंपनीला नेमकं कळलं होतं.

आणि दालीची बिदागी? त्याने पैशांऐवजी हत्तीचं पिल्लू मागितलं. कंपनीने तेही दिलं. माहुतासकट ते पिल्लू विमानाने जिनिव्हाला गेलं, आणि तिथून ट्रकमधून स्पेनमधल्या कादाकेसला, दालीच्या गावाकडे.