कुत्र्याच्या तोंडाच्या माणसांचा मुलूख

आठवीच्या वर्गात मी इब्न बतूताच्या सफरनाम्यातले उतारे वाचून दाखवत होते. तास इतिहासाचा होता आणि विषय तुघलकांचा. दिल्लीत काझी राहिलेला हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ साली मुहम्मद बिन तुघलकाचा दूत म्हणून चीनकडे निघाला आणि वाटेत दौलताबादहून नंदुरबारला आला, हे ऐकताच वर्गाला जाग आली. कोणाची खाला नंदुरबारला, कोणाचे नानी-नाना तिथे. साक्रीच्या मुलांना दिल्ली दूरची वाटते, नंदुरबार घरचे. १९९८ च्या जुलैपर्यंत ते आमच्याच धुळे जिल्ह्यात होते.

मग मी पुढचा उतारा वाचला. काही वर्षांनी, सुमारे १३४५-४६ मध्ये, बंगालच्या किनाऱ्यावरून जहाजाने निघाल्यावर पंधरा दिवसांनी इब्न बतूता ‘बरहनकार’ नावाच्या मुलखाला लागला. तिथल्या पुरुषांची तोंडे कुत्र्यासारखी होती, असे तो सांगतो. बायका मात्र आपल्यासारख्याच, आणि फार देखण्या. वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“टीचर, माँ इन्सान की शकल की और बाप कुत्ते के मुँह का, तो बच्चे कैसे होते होंगे?”

वर्ग पुन्हा हसला, मीही हसले. तेवढ्यात घंटा झाली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, जे सुचले, ते आपल्यापुढे ठेवते.

प्रथम हा बरहनकार होता कुठे? काही अभ्यासक ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्याकडे बोट दाखवतात, काही अंदमान-निकोबारकडे. सफरनाम्यात तिथे हत्ती दिसतात, म्हणून आराकानच्या बाजूचे म्हणणे मला अधिक पटते. जागा कोणतीही असो, इब्न बतूताने त्या मुलखाची जी माहिती दिली आहे ती नीट वाचली तर एक पूर्ण राज्य उभे राहते. समुद्रकाठी बोरूची घरे, त्यांवर गवताची छपरे. केळी, सुपारी आणि नागवेलीची लागवड. एका ओंडक्याची कोरलेली होडी घेऊन लोक जहाजापाशी येत आणि केळी, तांदूळ, पान-सुपारी व मासळी आणत. तिथला सुलतान हत्तीवर बसून भेटीला आला. अंगात बकऱ्याच्या कातड्याचा पोशाख, डोक्याला तीन रंगांचे रेशमी रुमाल, हातात बोरूचा भाला, मागे हत्तींवर बसलेले वीसेक नातेवाईक. पाहुण्यांनी त्याला मिरी, सुंठ, दालचिनी, मालदीवची मासळी आणि बंगालचे कापड नजर केले. ते कापड हे लोक अंगावर घेत नसत, सणाच्या दिवशी हत्तींवर घालत.

राज्यकारभारही होता. बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजावर कर ठरलेला. परदेशी व्यापाऱ्यांना वस्तीत शिरायची मनाई, सगळा सौदा किनाऱ्यावरच. कायदा होता आणि तो फार कठोर होता. जहाजमालकाचा एक गुलाम आणि तिथल्या एका सरदाराची बायको एकत्र सापडले. सुलतानाने दोघांनाही भयंकर रीतीने ठार करवले. नंतर तो स्वतः किनाऱ्यावर आला, आमच्या कायद्यापुढे इलाज नव्हता असे सांगून त्याने जहाजमालकाची माफी मागितली आणि मेलेल्या गुलामाच्या बदल्यात दुसरा गुलाम दिला. शिक्षा वाचून अंगावर काटा येतो. तरी यात राजा आहे, कर आहे, न्याय आहे, पाहुण्याचा मान आहे. कुत्र्याचे तोंड सोडले तर हे त्या काळातले दुसरे कोणतेही राज्य असू शकते.

ही कल्पना इब्न बतूताच्या डोक्यातून निघालेली नाही. त्याच्या सतराशे वर्षे आधी क्टेसियस नावाचा ग्रीक हकीम इराणच्या बादशहाच्या दरबारात होता. तो हिंदुस्थानात कधी आला नाही. दरबारात ऐकलेल्या गोष्टींवरून त्याने इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास हिंदुस्थानावर एक किताब लिहिली. ती हरवली, पण नवव्या शतकात फोटियस या विद्वानाने केलेला तिचा सारांश टिकला. त्यात हिंदुस्थानच्या डोंगरांतल्या कुत्र्याच्या डोक्याच्या एक लाख वीस हजार लोकांची हकिकत आहे. ते भुंकून बोलतात, पण हिंदी लोकांची भाषा त्यांना समजते. गुहांत राहतात, शिकार करतात, मांस उन्हात वाळवतात, मेंढ्या पाळतात. ज्याच्याकडे जास्त मेंढ्या तो श्रीमंत. ते हिंदुस्थानच्या राजाला दरसाल नजराणा देतात आणि राजा त्यांना दर पाच वर्षांनी तीन लाख धनुष्ये देतो. माझ्या वर्गातल्या मुलीने इथेही हात वर केला असता. माणसे एक लाख वीस हजार आणि धनुष्ये तीन लाख? पण याच क्टेसियसने एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवली आहे. हे लोक न्यायी आहेत आणि दीर्घायुषी आहेत.

पुढे हीच माणसे फिरत राहिली. फिरदौसीच्या शाहनाम्यात ‘सगसार’ म्हणजे कुत्र्याच्या डोक्याचे लोक लढाईत येतात. मार्को पोलोने १२९८ साली तुरुंगात असताना आपला प्रवास सांगितला. त्यात अंदमानच्या लोकांना कुत्र्याची डोकी आहेत, त्यांना राजा नाही आणि ते परक्या माणसाला खातात, असे आले. अंदमानात माणसेच होती. १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली. त्यानंतर मारामारीने आणि बाहेरून आलेल्या रोगांनी ग्रेट अंदमानी लोक हजारोंवरून काही डझनांवर आले. ज्याला आधीच जनावर ठरवले, त्याच्या मरणाची दखल कोण घेणार?

या सर्व हकिकतींत मला एक धागा सापडतो, आणि तो डोळ्यांचा नसून कानांचा आहे. क्टेसियसचे लोक भुंकतात. बरहनकारच्या लोकांची बोली अजब आहे आणि जो त्यांच्यात राहिला किंवा वारंवार आला-गेला त्यालाच ती कळते, असे इब्न बतूता स्वतः सांगतो. ग्रीकांना परक्यांची भाषा ‘बर-बर’ अशी ऐकू आली, त्यावरून रानटी माणसाचा शब्द तयार झाला. संस्कृतातला ‘म्लेच्छ’ मुळात अस्पष्ट बोलणारा. अरबीतला ‘अजम’ही तसाच, ज्याला धड बोलता येत नाही तो. आपण उर्दूवाले आपल्या जबानीच्या नजाकतीचा अभिमान बाळगतो, पण अरबांच्या हिशेबात आपणही अजमीच. ज्याची भाषा समजत नाही त्याचे बोलणे आधी आवाज वाटते, मग आवाज भुंकणे होते, आणि भुंकणाऱ्याला तोंडही तसेच चिकटवले जाते.

मग बायकांची तोंडे माणसाची कशी राहिली? याचे उत्तर मला एक बाई म्हणून द्यावेसे वाटते. ही नजर बंदरात उतरलेल्या पुरुषांची आहे. परक्या मुलखातला पुरुष त्यांना भाला घेऊन आडवा येणारा दिसतो, म्हणून तो कुत्रा. बाई हवीशी वाटते, म्हणून ती सुंदर. त्या सुलतानाने व्यापाऱ्यांना वस्तीबाहेर ठेवले ते आपल्या बायकांच्या काळजीने, हेही सफरनाम्यातच आहे. त्याला पाहुण्यांची नजर बरोबर कळली होती. परक्या समाजाचे पुरुष जनावर आणि त्यांच्या बायका मात्र देखण्या, ही भाषा आपण आजही ऐकतो. ती कोणत्या एकाच समाजाची मिरास नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचली. बरहनकारमध्ये बंगाल आणि जावाचे काही मुसलमान राहत होते, वेगळ्या मोहल्ल्यात. तिथल्या लोकांविषयीच्या कितीतरी वाईटसाईट गोष्टी पाहुण्याला सांगणारे तेच होते. शेजारी राहून शेजाऱ्याची बदनामी करण्यात आपलेही लोक मागे नव्हते.

याच्या उलट नवव्या शतकातल्या एका ख्रिस्ती साधूची गोष्ट वाचनात आली. उत्तरेकडे धर्मप्रचार करणाऱ्या रिम्बर्टला प्रश्न पडला होता, की कुत्र्याच्या डोक्याचे लोक आदमची औलाद आहेत की जनावरे? रॅट्रॅम्नस नावाच्या विद्वान साधूने त्याला पत्र लिहून उत्तर दिले. हे लोक गावे करून राहतात, कायदा पाळतात, शेती करतात, जनावरे पाळतात, अंग झाकतात, म्हणून ती माणसेच, असा त्याचा कौल. त्याने तोंड पाहिले नाही, राहणी पाहिली. मला हा युक्तिवाद आपल्याही घरचा वाटतो. इज्जत सर्व बनी आदमला दिली आहे, आणि माणसांच्या भाषा व रंग वेगळे असणे ही अल्लाहची निशाणी आहे, ही कुरआनची शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. तिचा वापर करायला कधी शिकवतो?

इब्न बतूतालाही हे जमत होते, आणि त्याचा पुरावा आमच्या खानदेशात आहे. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो लिहितो की हे हुन्नरी लोक आहेत, त्यांच्यात वैद्य आणि ज्योतिषी आहेत, भात, भाजी आणि तिळाचे तेल हे त्यांचे खाणे, मुक्या जनावराला त्रास देणे त्यांना आवडत नाही, दारूला ते सर्वांत मोठा ऐब मानतात. जेवणाआधीची त्यांची आंघोळ समजावताना तो तिची तुलना आपल्या गुस्लशी करतो. परक्या धर्माच्या माणसाची शुचिता सांगायला त्याने स्वतःच्या धर्मातला शब्द वापरला. देशात तो वर्षानुवर्षे राहिला होता, इथल्या लोकांबरोबर उठला-बसला होता. बरहनकारला तो फक्त किनाऱ्यावर थांबला.

खानदेशाच्या इतिहासात हेच वेगळ्या रूपात घडले. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हा सातपुड्यातला भिल्ल त्यांच्या लेखी दरोडेखोर होता. १८२५ साली आउट्रम नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्याबरोबर शिकारी केल्या, विश्वास मिळवला आणि धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली. काल जो रानटी होता तो आज सरकारी शिपाई झाला. १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले, अंबापाणीला लढाई झाली, तेव्हा भिल्ल पुन्हा रानटी ठरला. तोंड तेच होते, बदलत होती ती सरकारची गरज. १८७१ च्या कायद्याने तर कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या, पण लोकांच्या तोंडून तो शिक्का अजून पुरता गेलेला नाही.

आमचा साक्री तालुका अर्धा आदिवासींचा. पिंपळनेरच्या बाजूने कोकणा आणि भिल्ल माणसे बाजाराला येतात. त्या तासानंतर दोनच दिवसांनी वर्गातला एक मुलगा बाजारातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बोलण्याची नक्कल करत होता आणि शेवटी “भौं भौं” म्हणाला. सगळे हसले. मी रागावले, पण मनातून ओशाळलेही. माझ्या लहानपणी असे हसणाऱ्यांत मीही होते. आणि बसमध्ये अम्मीशी फोनवर उर्दूत बोलले की शेजारचा माणूस कसा सरकून बसतो, हेही मी अनुभवले आहे. तेव्हा त्याच्या कानांना माझे बोलणे कसे ऐकू येत असेल?

मी मुलांना गृहपाठ दिला. आठवडे बाजारात जाऊन पाणी, भाकर, आई आणि कुत्रा यांना भिल्ल आणि कोकणा लोक काय म्हणतात ते विचारून लिहून आणायचे. पंधरा-वीस मुलांनी आणले. काही शब्द उर्दू लिपीत मावेनात, ‘ळ’ लिहायला आपल्याकडे अक्षरच नाही. नक्कल करणाऱ्या मुलाची वही मी मुद्दाम पाहिली. त्याने एक शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला होता. कारण विचारले तर म्हणाला, “टीचर, मैं ग़लत बोल रहा था. बुढ्ढी अम्मा हँसने लगी, फिर उन्होंने तीन बार बोल के दिया.”